थर्माकोलचा स्पीकर बॉक्स: भिंत हवी, पडदा नको

नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षं ठेवायला जी कोल्ड स्टोरेज उभी राहिली आहेत, त्यांच्या थंड खोल्या बहुतेक ठिकाणी विटांच्या नसतात. दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा आणि मध्ये तीन-चार इंच पिवळसर फोम, असे पॅनेल एकमेकांत अडकवून खोली तयार होते. सगळे त्याला पफ पॅनेल म्हणतात; पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. यातला नुसता पत्रा हातात घेतला तर वाऱ्याने फडफडतो. नुसता फोम अंगठ्याने दाबला तर खड्डा पडतो. पण दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटले की त्याच पॅनेलचं छत होतं.

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांतून किंवा एखाद्या शेडच्या कामातून उरलेला असा तुकडा हाती लागला, की घरी स्पीकर बनवणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा: एवढं हलकं आणि एवढं कडक, मग स्पीकरचा बॉक्स याचाच का नाही करायचा? एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा बॉक्स उचलताना कंबर धरते, पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, कापताना घरभर पिठासारखा भुगा होतो. फोम ब्लेडने कापला जातो आणि ओलाव्याने फुगत नाही.

फोमचा बॉक्स होतो, आणि चांगलाही होतो. मात्र बहुतेक लोक ज्या कारणासाठी फोम निवडतात ते कारण चुकीचं असतं, आणि खरं कारण जिथे लागू पडत नाही अशाच छोट्या बॉक्सवर तो वापरला जातो.

बॉक्सवर नेमका किती ताण येतो?

वूफर म्हणजे बास वाजवणारा स्पीकर. त्याचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ताणली जाते. बॉक्स नसेल तर पुढचा दाब कडेने मागे वळतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि बास गायब होतो. म्हणून मागची हवा कोंडायची. बॉक्सचं मूळ काम एवढंच आहे. ते करताना त्याने स्वतः आवाज करू नये, ही दुसरी अट. सगळी भांडणं या दुसऱ्या अटीवरून होतात.

हिशेब मांडून बघू. साडेसहा इंची वूफरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण १३० चौरस सेंटिमीटर असतं. तो ५ मिलिमीटर आत गेला म्हणजे ६५ घन सेंटिमीटर हवा दाबली गेली. बंद बॉक्स आतून ४० × ३० × १७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २० लिटरचा धरू. हवेची जागा एक तृतीयांश टक्क्याने घटली. ऐकायला काहीच नाही, पण त्याने आतला दाब सुमारे ४२० पास्कलने चढतो. (नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर असल्याने हा आकडा मुंबईपेक्षा थोडा कमी येतो. कानाला त्याने काही फरक पडत नाही, पण हिशेब आपल्या गावचा असावा.) ४० × ३० सेंटिमीटरच्या एका बाजूवर हा दाब म्हणजे पाच किलोंचं ओझं. सूर ४० हर्ट्झचा असेल तर हे पाच किलो सेकंदाला चाळीस वेळा बाहेर ढकलतात आणि चाळीस वेळा आत ओढतात.

आता त्या बाजूचं क्षेत्रफळ बघा: १,२०० चौरस सेंटिमीटर, कोनच्या नऊपट. ती कोनच्या शंभराव्या हिश्शाने जरी हलली, तरी कोन हलवतो त्याच्या नऊ टक्के हवा तीही हलवते. बाजूने न मागितलेला दुसरा स्पीकर सुरू होतो. बासमध्ये ती ढकलल्यासारखी हलते. पण १०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा आवाज, तबल्याचा डग्गा आणि पुरुषगायकाचा खर्ज असतो, तिथे प्रत्येक पातळ भिंतीचा स्वतःचा असा एक सूर असतो. तो सूर गाण्यात आला की भिंत त्याला साथ देते आणि सूर थांबला तरी क्षणभर गुणगुणत राहते. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे.

फोम आवाज शोषत नाही

निदान हा फोम तरी शोषत नाही. फोमचे दोन प्रकार असतात. एकात पेशी उघड्या असतात, हवा आरपार जाते. गादीचा स्पंज किंवा स्टुडिओच्या भिंतीवरचा राखाडी मेलामाइन फोम त्यातला. हवा त्या चक्रव्यूहातून ये-जा करताना घासते, आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते, आवाज शोषला जातो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पेशी बंद असते. थर्माकोल, त्याहून दाट असलेली निळी-गुलाबी एक्सपीएस शीट आणि पफ हे सगळे या दुसऱ्या घरातले. ओळखायचं कसं? ओठ टेकवून फुंकर मारा. हवा पलीकडे गेली तर शोषेल, नाही गेली तर नाही शोषणार.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापून बॉक्सच्या आत सगळीकडे चिकटवणारे लोक मी बघितले आहेत आणि ‘आता घुमत नाही’ असं ते छातीठोकपणे सांगतातही. घडतं ते वेगळंच. वरच्या २० लिटरच्या बॉक्सला आतून सहाही बाजूंनी २५ मिलिमीटरचा थर लावला, तर उरतात ३५ × २५ × १२ सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा लिटर. निम्मा बॉक्स थर्माकोलने खाल्ला. बंद बॉक्समध्ये हवा कमी म्हणजे हवेची स्प्रिंग कडक, म्हणजे बास वर सरकतो आणि आखडतो. बास कमी झाला म्हणून घुमणं कमी वाटतं. आत शोषण हवं असेल तर उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस किंवा रॉकवूल भरा. ४० सेंटिमीटर उंचीच्या बॉक्समध्ये वर-खाली आपटणारी लाट सुमारे ४३० हर्ट्झला उभी राहते. तिला आवरायला कापूसच लागतो, थर्माकोल तिला आहे तशी परत पाठवतो.

कडकपणा येतो कुठून

मग फोमचा उपयोग काय? तर अंतर राखणं.

फळी वाकते तेव्हा तिची बाहेरची कातडी ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मधला भाग जवळपास फुकट बसलेला असतो. म्हणून मधलं जड लाकूड काढून तिथे हलकं काहीतरी घातलं आणि दोन कातड्या एकमेकींपासून लांब नेल्या, तर कडकपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट, कडकपणा चौपट. कोल्ड स्टोरेजच्या पत्र्याला बळ येतं ते इथून.

४ मिलिमीटर प्लायच्या दोन कातड्या आणि मध्ये २५ मिलिमीटर एक्सपीएस असं पॅनेल घेऊ. चौरस मीटरला वजन भरतं साधारण ५.७ किलो. १८ मिलिमीटरची अखंड प्लाय भरते १०.८ किलो. आणि कागदावरचा हिशेब सांगतो की हे निम्म्या वजनाचं पॅनेल अखंड प्लायपेक्षा साडेतीनपट कडक आहे. इथपर्यंत वाचून लोक उठतात आणि शीट आणायला जातात.

कागदाने एक गोष्ट सांगितलेली नसते. वहीचा जाड गठ्ठा वाकवा, पानं एकमेकांवरून सरकतात आणि गठ्ठा सहज वाकतो. तीच पानं डिंकाने चिकटवली तर वाकत नाही. अशा दोन कातड्यांच्या सँडविचमध्ये कातड्यांनी एकमेकींच्या तुलनेत सरकू नये, ही जबाबदारी मधल्या फोमवर असते. आणि फोम या कामात फार कच्चा असतो. एक्सपीएसचा सरकण्याला होणारा विरोध ६ मेगापास्कलच्या आसपास धरला आणि टेकू ३० सेंटिमीटरवर असलेल्या बाजूचा हिशेब केला, तर ते साडेतीनपट कुठल्या कुठे विरघळतं. पॅनेलचा कडकपणा येतो १८ मिलिमीटर प्लायच्या निम्म्यावर. चारही कडांना टेकू असलेल्या खऱ्या बाजूवर तर आणखी खाली. तेच पॅनेल ९० सेंटिमीटरच्या टेकूंवर ठेवा. तिथे ते अखंड प्लायच्या दुप्पट कडक ठरतं. टेकूंमधलं अंतर जितकं मोठं तितकं सरकणं कमी महत्त्वाचं आणि वाकणं जास्त. कोल्ड स्टोरेजचं पॅनेल काही मीटर लांब असतं, म्हणून तिथे ते शोभतं.

ज्याला टेबलावर ठेवायचा फूटभर उंचीचा बॉक्स करायचा आहे त्याने फोमच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १२ मिलिमीटरची प्लाय आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना जोडणारा एक आडवा दांडा त्याहून सरळ, स्वस्त आणि कडक. तीन-चार फूट उंचीचा टॉवर, मोठा सबवूफर किंवा गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांनी जिन्यावरून वर-खाली न्यायचा पीए बॉक्स, म्हणजे कार्यक्रमाचा मोठा स्पीकर असेल, तर मात्र सँडविचचा विचार जरूर करावा. तिथे वजनही वाचतं आणि कडकपणाही मिळतो.

छोट्या बॉक्समध्ये फोमच हवा असा हट्ट असेल, तर दोन कातड्यांच्या मध्ये दर १५ सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी टाका आणि फोम त्या पट्ट्यांच्या मधल्या खणांत बसवा. सरकणं पट्ट्या थोपवतात, आणि फोमचं काम उरतं ते पट्ट्यांमधल्या पातळ प्लायला ढोलासारखं वाजू न देणं. ते तो छान करतो.

हाच फोम गातोही

हलकं आणि कडक, हे दोन शब्द भिंतीच्या कौतुकासाठी वापरले जातात. पण हेच दोन गुण स्पीकरच्या पडद्याला लागतात. १९६१ साली ब्रिटनच्या लीक कंपनीने ‘सँडविच’ नावाचा स्पीकर आणला. त्याच्या वूफरचा कोन थर्माकोलचा होता, दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्याच दशकात केईएफ या ब्रिटिश कंपनीने बी१३९ हा लंबगोल, सपाट पडद्याचा वूफर काढला. तोही फोम आणि ॲल्युमिनियमचाच. १९९०च्या दशकात एनएक्सटी या ब्रिटिश कंपनीने सपाट पॅनेललाच गायला लावायचं तंत्र बाजारात आणलं, आणि आज हौशी लोक थर्माकोलच्या किंवा एक्सपीएसच्या शीटला पाठीमागून एक्सायटर, म्हणजे शीटला थरथरवणारं कोन नसलेलं छोटं यंत्र चिकटवून स्पीकर करतात. चांगला वाजतो. बॉक्स लागतच नाही.

म्हणजे जो पदार्थ एका टिचकीने गातो, त्याचीच आपण भिंत करतो आहोत. बासमध्ये हे चालतं, कारण तिथे भिंतीचा कडकपणा कामाला येतो. मधल्या सुरांत मात्र आवाज अडवायला वजन लागतं. वजन दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल जास्त अडतो, असा ढोबळ नियम आहे. ५० मिलिमीटरची नुसती एक्सपीएस शीट चौरस मीटरला पावणेदोन किलो भरते आणि १८ मिलिमीटर एमडीएफ भरतो तेरा किलोंच्या आसपास. नियमाप्रमाणे फरक १७ डेसिबलचा. म्हणून कातडी न लावता नुसत्या फोमचा बॉक्स करणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून कुजबुजणं. आणि म्हणूनच फोमची जागा सबवूफरमध्ये पक्की आहे, मिडरेंजच्या, म्हणजे मधले सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या मागे डळमळीत.

मोठ्या कंपन्यांनीही हे दोन्ही रस्ते चालून बघितले आहेत. १९८०च्या दशकात सेलेस्टियन कंपनीने एसएल६०० या छोट्या स्पीकरचा बॉक्स विमानासाठी बनलेल्या एरोलॅमचा केला: ॲल्युमिनियमच्या दोन कातड्या, मध्ये ॲल्युमिनियमचंच मधमाशीचं पोळं. पोळं फोमपेक्षा सरकण्याला कितीतरी जास्त विरोध करतं, त्यामुळे इतक्या छोट्या बॉक्सलाही ते परवडलं. बीबीसीच्या इंजिनिअरांनी उलट विचार केला. त्यांच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरमध्ये बर्चची पातळ प्लाय आणि आतून डांबरी पॅड आहेत. भिंतीचा सूर खाली ढकला आणि डांबराने त्याचा दम काढा, हे त्यांचं धोरण. फोममध्ये दम काढायची ताकद फारशी नाही. ती हवी असेल तर चिकटवण्यातून आणावी लागते: वाळल्यावर रबरासारखा मऊ राहणारा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट कातडी आणि फोमच्या मध्ये वापरला तर थोडा कडकपणा जातो, पण टिचकी मारल्यावर ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्’ येतो.

गोंद, तार आणि आग

सुतार सनमायका चिकटवायला वापरतात तो उग्र वासाचा रबरी गोंद थर्माकोलला लावू नका. त्यातला सॉल्व्हंट थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळवतो; कातडी वरून चिकटलेली दिसते आणि आत पोकळी झालेली असते. थिनर, पेट्रोल, साधा स्प्रे पेंट यांचंही तेच. फायबरच्या कामातल्या पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं, आणि थर्माकोल त्याच स्टायरिनपासून बनतो, त्यामुळे रेझिन ओतलं की फोम विरघळून खाली बसतो. इपॉक्सी चालतं. पफला पॉलिस्टर रेझिन चालतं. पांढरा फेविकॉल सगळ्यांना चालतो, पण तो पाणी उडाल्यावर वाळतो आणि बंद पेशींच्या फोममधून पाणी जात नाही. एका बाजूची प्लाय जेवढं पिईल तेवढंच. वजनाखाली दोन-तीन दिवस सोडा, पावसाळ्यात आणखी. एक्सपीएसच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आधी खरखरीत पॉलिश पेपर फिरवला तर पकड चांगली बसते. सँडविचची सगळी मदार या चिकटण्यावर आहे. हाताएवढा भाग जरी सुटला तरी तिथली प्लाय स्वतंत्रपणे वाजायला लागते.

स्क्रू फोममध्ये धरत नाही, हे सांगायला नको. वूफर बसतो तिथे १८ मिलिमीटर प्लायचं कडं फोमच्या जागी घालून ते दोन्ही कातड्यांना चिकटवा आणि त्यात बोल्ट घ्या. टर्मिनल, हँडल, पाय, सगळ्यांना असाच लाकडी ठोकळा. कडांनाही लाकडी पट्टी, नाहीतर कोपरा आपटला की चेपतो आणि सांध्यातून हवा सुटते. बंद बॉक्सची हवा सुटली की फुसफुस ऐकू येते आणि बास जातो.

थर्माकोल गरम तारेने कापताना खिडक्या उघड्या ठेवा. पफला गरम तार लावायचीच नाही; तो वितळत नाही, जळतो, आणि त्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतं. करवत वापरा. पफ पॅनेलच्या पत्र्यावर ग्राइंडर चालवला तर ठिणग्या थेट फोममध्ये जातात, म्हणून पत्र्यालाही बारीक दात्यांची जिगसॉच बरी. हे सगळे फोम पेटतात. बॉक्सच्या आत ब्लूटूथ ॲम्प, बॅटरी आणि चार्जर कोंबायची आता पद्धत पडली आहे. फोमच्या बॉक्समध्ये ते करू नका. फोम मुळात उष्णता अडवायला बनला आहे, आणि स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का आवाज होतो, बाकी सगळी उष्णताच. इलेक्ट्रॉनिक्स बाहेर, वेगळ्या डब्यात. मे महिन्यात बंद गाडीत, काचेमागच्या उन्हातही हा बॉक्स ठेवू नये; ७५ अंशांच्या पुढे एक्सपीएसचा भरवसा नाही.

हलक्या बॉक्सची एक खोड शेवटी कळते. कोन पुढे गेला की बॉक्स मागे जातो. कोनचं वजन १५ ग्रॅम आणि बॉक्सचं दोन किलो असेल तर हालचाल केसाएवढीही नसते, पण टेबल गुणगुणायला आणि बॉक्स हळूहळू सरकायला तेवढी पुरते. तळाशी शहाबादी फरशीचा तुकडा बसवला की प्रश्न मिटतो. वाचवलेलं थोडं वजन परत येतं, पण जिथे हवं तिथे येतं.

पाठीमागची बाजू चिकटवायची घाई करू नका. ती आधी हवा अडवणारी गॅस्केट पट्टी लावून नुसती स्क्रूने बसवा. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घेऊन मध्यम आवाजात ८० पासून ६०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवत न्या आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेका बाजूच्या मध्यावर टेकवा. एखाद्या ठिकाणी बोटांना अचानक झिणझिण्या येतील. तो आकडा आणि ती जागा पेन्सिलीने बॉक्सवरच लिहा, पाठ उघडा, तिथे आतून आडवा दांडा द्या आणि पुन्हा फिरवा.